काचेत झोपायचं की खुर्चीत बसायचं

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द आजवर माझा हात सवयीने लिहीत आला. अलीकडे मात्र पगारासाठी भर बाजारात आडवं पडायची वेळ माझ्यावर आली, त्यामुळे या खेपेस तो अगदी शब्दशः घ्यावास. कसं काय ते पुढे येईलच.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागच्या पत्रात लिहिलं नाहीस आणि इकडे आमच्यात त्यावरून दोन तट पडले आहेत. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? निवृत्त झाल्यावर मुख्याध्यापकबाईंना आठवण करून देणारं कोणी उरत नाही, म्हणून भाच्याने विचारलं. इकडचं म्हणशील तर सगळे खुशाल आहेत. म्हणजे ही खुशाल आहे, मुलगी खुशाल आहे, खालच्या मजल्यावरचे निवृत्त वकील तर नको इतके खुशाल आहेत. माझा आकडा धरून सरासरी काढलीस तर मात्र ती बरीच खाली येईल.

आमचा गाद्यांचा कारखाना बंद पडल्याचं तुला कळवलं होतंच. तिथे मी गादी-तपासनीस होतो, ही गोष्ट आपल्या नातेवाइकांनी कधी गंभीरपणे घेतली नाही. प्रत्येक खेपेतल्या काही गाद्या बाजूला काढायच्या, त्यांच्यावर आधी पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या कुशीवर पडायचं आणि उठून अभिप्राय लिहायचा, हे माझं काम. यावर 'झोपा काढून पगार घेतो' हा विनोद मी इतक्या लग्नांमध्ये ऐकला आहे, की तो सुरू झाला की मी स्वतःच तो पुरा करून देत असे. पण मावशी, तुला म्हणून सांगतो, त्या कामात झोपायला सक्त मनाई होती. पडायचं, पण डोळा लागू द्यायचा नाही. इतकी वर्षं गादीला पाठ टेकली की जागं व्हायची सवय लागली आणि तीच सवय घेऊन मी घरी येत असे. घरच्या गादीवर पडलो की पाठ आपोआप अभिप्राय तयार करू लागते: खांद्यापाशी टणक, कंबरेपाशी ढिली. माझी झोप अशी नोकरीतच गेली. नोकरी गेल्यावर ती तरी परत मिळेल असं वाटलं होतं, पण दोन्ही मिळून गेल्या त्या गेल्याच.

मग सुरू झालं काम शोधणं. त्याचं सगळं वर्णन केलं तर टपालखातं हे पाकीट घेणार नाही. एका चकचकीत कार्यालयात आमच्या मुलीपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठी असलेली एक मुलगी टेबलापलीकडे बसली होती. तिने विचारलं, तुमची आजवरची सर्वांत मोठी कामगिरी कोणती? मी म्हटलं, एकदा एका गादीत राहिलेला खिळा मी स्वतःच्या पाठीने शोधून काढला. ती बराच वेळ नुसती हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिली. तिला वाटलं, अजून पुढे काहीतरी आहे. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी माझं वय विचारलं, ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला. चहा मिळाला की नोकरी मिळत नाही, हे मला तोपर्यंत कळलं होतं. (नोकरी देणारे लोक घाईत असतात, चहा वाईट वाटलं की देतात.)

घरी दुपारी एकटं राहणं किती वाईट असतं, ते तुला मी सांगायला नको. ही डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते, मुलगी कॉलेजात जाते आणि मी घरातल्या वस्तूंवर लक्ष ठेवतो. मी कपाटांना तेल दिलं, नळांचे वायसर बदलले, पंखे पुसले. पुन्हा पुसले. शेवटी ही म्हणाली, "अहो, आता पंख्यांना हात लावू नका, पाती झिजतील." ती हसत म्हणाली, पण मला दिवसभर तेच पुरलं. संध्याकाळी ती घरी आली की, 'आज काही?' एवढंच विचारायची. नंतर नंतर तिने विचारणंही सोडलं. तिला वाटायचं, न विचारणं मला सोपं जाईल. तसं नव्हतं ते.

आणि अशात, मावशी, एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. तुला वाटेल, भाचा आता आनंदाची बातमी देणार. थांब जरा.

पहिली नोकरी आमच्या 'स्प्रिंग'ने आणली. स्प्रिंग म्हणजे कारखान्यातला माझ्या हाताखालचा पोरगा. गादीत स्प्रिंगा बसवायचा आणि चालायचाही तसाच, म्हणून हे नाव. पोरगा म्हणतो, पण आता तो डोक्यावरचे केस गेलेला संसारी माणूस आहे आणि बाजारातल्या मोठ्या फर्निचरच्या दुकानाचा व्यवस्थापक आहे. तो घरी आला, सोफ्याच्या काठावर बसला (मला अजून 'सर'च म्हणतो, त्याने जास्त त्रास होतो) आणि फार आढेवेढे घेत म्हणाला, की दुकानाच्या दर्शनी काचेत एक पलंग मांडलाय. त्यावर नवी गादी आहे. मालकांचं म्हणणं, रिकामी गादी विकली जात नाही, तिच्यावर कोणीतरी झोपलेलं दिसलं पाहिजे. "सर, तुमच्याइतका अनुभव कोणालाच नाही." पगार कारखान्यातल्यापेक्षा चांगला होता. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो गेल्यावर मी विचार केला नाही, नुसता बसून राहिलो.

दुसरी नोकरी मी स्वतः मिळवली, तीही चुकून. जाहिरातीत 'शांत परिसर, बसून काम, येणाऱ्या लोकांशी सौम्यपणे बोलणारा माणूस हवा' असं होतं. मला वाटलं वाचनालय असेल. पत्त्यावर गेलो तर ती अंत्यविधीची सगळी व्यवस्था करून देणारी कंपनी निघाली: गाडी, फुलं, दाखले, वर्तमानपत्रातली चौकट, सगळं. एक स्वच्छ खोली, मऊ खुर्च्या, काचेच्या टाकीत दोन जाडजूड मासे आणि टेबलावर डोळे पुसायच्या कागदांचा डबा. आतल्या खोलीतून कोणी मोठ्याने गात होतं. तेच मालक. इतका आनंदी माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. फुलाफुलांचा शर्ट, गालांवर लाली, हसले की पोट टेबलाला लागून मासे दचकायचे. म्हणाले, "हे बघा, दुःख लोक घरून घेऊन येतात. ते आपण पुरवायचं नाही. आपण खुर्ची द्यायची." मग मला म्हणाले, एक दिवस बसून बघा, तुम्ही आम्हाला बघा, आम्ही तुम्हाला बघतो.

म्हणून मी एक दिवस बसलो. सकाळभर कोणी आलं नाही. मी आणि मासे एकमेकांकडे बघत होतो. दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. अंगावर इस्त्रीची साडी, हातात पिशवी, चेहरा अगदी कोरा. यजमान आदल्या आठवड्यात गेले होते. सगळे विधी आमच्याच कंपनीने उरकले होते, फक्त एक दाखला न्यायचा राहिला होता. मी दाखला दिला. त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि उठल्या नाहीत. मग त्याच म्हणाल्या, "तुम्ही इथे नवीन का? आधी काय करत होता?" मी सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"मग मला एक सांगा. आमच्या गादीत त्यांच्या बाजूला खळगा पडलाय. एवढ्या वर्षांचा. मी माझ्या जागेवर झोपते आणि पहाटे बघते तो त्या खळग्यात घरंगळलेली असते. याला काय करायचं?"

मावशी, किती महिन्यांनी कोणी मला येणारी गोष्ट मला विचारली होती! मी खुलून गेलो. मी म्हटलं, अगदी सोपं आहे, गादी उलटी करायची आणि डोक्याची बाजू पायाकडे घ्यायची, थोड्या दिवसांत खळगा भरून निघतो. त्या हळूच म्हणाल्या, "भरून निघतो म्हणजे... जातोच ना?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मग नको." आणि तेव्हा त्या रडल्या. मी डबा पुढे केला, त्यांनी घेतला नाही, पिशवीतला स्वतःचा रुमाल काढला. मग आम्ही तासभर बोललो. त्यांच्या यजमानांबद्दल फारसं नाही. गाद्यांबद्दल, कापूस पिंजून घ्यायचे त्या दिवसांबद्दल, झोपेत कोण कसं लोळतं त्याबद्दल. जाताना त्या म्हणाल्या, "बरं वाटलं." मलाही वाटलं, पण आमच्याकडे ते म्हणायची पद्धत नसावी म्हणून मी बोललो नाही.

त्या गेल्यावर मालक बाहेर आले. हसत होते, पण कपाळावर आठी होती. "तासभर बोललात आणि मासिक स्मरणाच्या फुलांचं नाव काढलं नाहीत?" मी म्हटलं, सुचलं नाही. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, या तुम्ही. पगार दुकानापेक्षा कमी होता. पुष्कळ कमी.

आता घरात काय झालं ते ऐक. मुलीने दोन्ही ऐकून घेतल्या आणि काचेच्या बाबतीत म्हणाली, "बाबा, माझी बस तिथूनच जाते." एवढंच. तिला मला दुखवायचं नव्हतं. ती फक्त बसचा मार्ग सांगत होती. मग दुसऱ्या नोकरीबद्दल मैत्रिणींना काय सांगशील, असं मी विचारलं, तर म्हणाली, खरं तेच सांगीन, त्या पुढे काही विचारणार नाहीत. ही पगाराचा हिशेब मनात मांडत होती हे मला दिसत होतं आणि मला दिसतंय हे तिला दिसत होतं, म्हणून ती उठून गॅस पुसायला लागली. मी खालच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी तासभर दुकानाची बाजू अशी मांडली, की मी तिथल्या तिथे झोपायला तयार झालो. मग पाणी पिऊन त्यांनी स्वतःच तिच्यावर हरकत घेतली आणि दुसरी बाजू त्याहून जोरात मांडली. शेवटी म्हणाले, दोन्ही बाजू भक्कम आहेत, मजा आली. ते खूष होऊन जेवायला गेले. मी जिन्यावर बसून राहिलो.

मी मोबाइलमध्ये दोन्ही नंबर 'पहिली' आणि 'दुसरी' या नावांनी ठेवले होते. ही माझी अक्कल. कारण माझं मत फिरलं की मी नावं बदलत होतो: जी घ्यायची ती पहिली, जी सोडायची ती दुसरी. दिवसातून कितीदा मत फिरलं ते विचारू नकोस. शेवटी एका सकाळी ठरवलं. पगार कमी असो, मी म्हातारीच्या समोरच्या खुर्चीत बसणार, काचेत झोपणार नाही. वाईट काम आधी उरकावं म्हणून मी 'दुसरी'ला फोन लावला आणि कोणी 'हॅलो' म्हणायच्या आत एका दमात सांगून टाकलं, की माफ करा, फार विचार केला, पण मला काचेत झोपणं जमणार नाही.

पलीकडे असं काही हसू फुटलं, की मी फोन कानापासून लांब धरला. "अहो, आमच्याकडे काचेच्या पेटीत झोपायची सोय फक्त गिऱ्हाइकांना असते! तीही आगाऊ सांगितलं तर!" या खेपेस मत फिरलं, पण नावं बदलायची राहिली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा नकार समजून घेऊन टाकला होता. "नाही जमत तर राहू द्या, काही वाटून घेऊ नका. आमच्याकडे आज ना उद्या सगळेच येतात." आणि हसत हसतच फोन ठेवला. मी लगेच परत लावला तर व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. तिसऱ्यांदा लावायला गेलो तर तेवढ्यात फोन वाजला. स्प्रिंग होता. "सर, काय ठरलं?" एक नोकरी माझ्या डोळ्यांदेखत हसत हसत गेली होती. दुसरी फोनवर श्वास रोखून थांबली होती. मी म्हटलं, येतो. स्प्रिंगचा आवाज एकदम भरून आला. आता अशा माणसाला 'चुकून म्हणालो' असं कसं सांगायचं?

तर मग काच. त्यांनी मला निळ्या पट्ट्यांचा पायजमा-सदरा दिला. तोही दुकानात विकायचा असल्यामुळे किमतीची चिठ्ठी काढायची नव्हती. ती दिवसभर मानेला टोचत होती. पायाशी पाटी होती: 'आमचे समाधानी ग्राहक'. स्प्रिंगने फार हळुवारपणे सूचना दिल्या. सर, मधूनमधून कूस बदला, नाहीतर लोकांना पुतळा वाटतो. आणि चेहरा जरा... म्हणजे समाधानी. मी समाधानी चेहरा केला. तो बघून स्प्रिंग म्हणाला, नाहीतर भिंतीकडेच तोंड करा.

सकाळ कशीबशी गेली. शाळेतली मुलं काचेवर टकटक करून पळत होती. एका बाईंनी यजमानांना थांबवून माझ्याकडे बोट दाखवलं आणि दोघांमध्ये काहीतरी वाद झाला. त्यात माझा दोष नसावा. आमच्या कारखान्यातले जुने हिशेबनीस समोरून आले, थबकले, त्यांनी मला ओळखलं आणि घाईघाईने घड्याळात बघत निघून गेले. त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. ऊन काचेतून आत येत होतं, गादी चांगली होती (खांद्यापाशी मऊ, कंबरेपाशी घट्ट, इतकी चांगली गादी आमच्या कारखान्यातून क्वचित गेली असेल), आणि मग काय झालं मला कळलं नाही. मावशी, मला झोप लागली. खरी झोप, तोंड उघडं टाकून, हात पलंगाबाहेर लोंबकळत. नंतर कळलं, मी घोरतही होतो आणि तो आवाज काचेबाहेर जात होता.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी बाहेर पाहिलं तर काहीच दिसेना. माझ्या तोंडासमोर काचेपलीकडे काहीतरी काळं पसरलेलं होतं. नीट पाहिलं तेव्हा समजलं, ती छत्री होती. काळी छत्री उघडून, माझ्याकडे पाठ करून, कोणी बाई काचेला अगदी चिकटून उभी होती. साडीवरून ओळखलं. ही होती.

ती दुपारच्या सुट्टीत मला बघायला आली होती. आली तेव्हा काचेसमोर घोळका जमला होता, काहीजण मोबाइलवर माझे फोटो काढत होते आणि मी घोरत होतो. तिने आत जाऊन स्प्रिंगला पडदा ओढायला सांगितलं. दुकानाच्या वेळात पडदा ओढायचा नाही असा नियम आहे, असं स्प्रिंग रडवेला होऊन म्हणाला. मला उठवायचं का, असंही त्याने विचारलं. ती नको म्हणाली. बाहेर आली, छत्री उघडली आणि माझा चेहरा झाकला जाईल अशा बेताने उभी राहिली. लोक हळूहळू पांगले. ती तशीच उभी राहिली. दवाखान्यात परत गेली नाही. तिथे तिने इतक्या वर्षांत न सांगता कधी दांडी मारली नव्हती.

 घरी आल्यावर तिने छत्री दारामागे टांगली, चहा टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "झोप लागली ते बरं झालं. पण झोपायचं तर घरी झोपा. आणि कामाला जायचं तर जिथे जागे असता तिथे जा."

मी म्हटलं, पगार?

ती म्हणाली, "त्याचं मी बघते. तुम्ही चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या हसऱ्या मालकांकडे गेलो. फोनचा घोळ सांगितला. ते इतके हसले की मासे टाकीच्या तळाशी जाऊन बसले. पण मग बाहेर पावलं वाजली तशी त्यांनी आवाज खाली आणला, मला आत नेलं आणि दाराच्या फटीतून बाहेरची खोली दाखवली. माझ्या खुर्चीसमोर त्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, पाठ ताठ. मालक कुजबुजले, रोज येतात. 'गादीवाले कधी येणार' विचारतात. मी सगळी फुलं दाखवली, चहा दिला, बोलायला बसलो, तर म्हणाल्या, तुम्ही आत जाऊन गा, मी थांबते. "माझ्याच कचेरीत मला गाता येईना हो!" मी बाहेर जाऊन खुर्चीत बसलो. बाईंनी मला पाहिलं आणि आधीचं बोलणं मध्येच राहिलं असावं तशी सुरुवात केली. त्यांनी गादी उलटी करून पाहिली होती. झोप आली नाही. परत सुलटी केली, शेजाऱ्याला बोलावून, आणि त्याला कारण काय सांगितलं तर खाली झुरळ होतं म्हणून. ते सांगताना त्या हसल्या, आणि मग हसल्याचं त्यांना नवल वाटलं.

स्प्रिंगला सांगायला जाणं सगळ्यांत कठीण गेलं. त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं रागावेल, पण तो मान खाली घालून म्हणाला, "सर, गोदामातही एक जागा होती. बसून काम. पण तिथला साहेब माणसांवर ओरडतो. तुमच्यावर कोणी ओरडू नये म्हणून मी काच मागून घेतली."  मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघंही गाद्यांकडे बघत राहिलो. काल तिथून गेलो तर काचेत तो स्वतःच झोपला होता. मी थांबलो. त्याने डोळे मिटलेलेच ठेवून पांघरुणाखालून मला हात केला.

असं सगळं आहे. दोन्हींपैकी चांगल्या पगाराची नोकरी सोडून मी वाईट पगाराची धरली, तीही मेलेल्या माणसांच्या कृपेवर चालणारी. हे शहाणपणाचं झालं की नाही, मला माहीत नाही. घरात आनंद आहे असं म्हणवत नाही. ही रोज दवाखान्यात जादा वेळ थांबते आणि घरी आली की पाय पाण्यात घालून बसते. मी बादली भरून ठेवतो. पण नोकरी लागली, एवढं तुला कळावं म्हणून हे लिहिलं. मागणं काही नाही. घरातल्या मोठ्यांना वाकून, लहानांना लांबून हात हलवून, आणि तुझ्या गुडघ्याला विशेष काळजीपूर्वक,

तुझा,
थोरल्या बहिणीचा मुलगा

ता. क. वर 'नोकरी लागली' असं लिहिलंय ते थोडं पुढचं लिहिलं गेलं. अजून पुरती लागलेली नाही. काच मात्र सुटली आहे, ती पुरती सुटली आहे. म्हणजे आजच्या तारखेला माझ्या हातात दोन्हींपैकी एकही नाही. हे हिला ठाऊक आहे. मुलीला नाही.

ता. क. दुसरा: अडलंय ते असं. मालकांचा नियम आहे, की नेमणुकीआधी माणसाला लहानपणापासून ओळखणाऱ्या कोणा जबाबदार व्यक्तीकडून लेखी दाखला हवा. सचोटीचा नव्हे, ते म्हणतात सचोटी दोन दिवसांत कळते. दाखला हवा तो उमेदवार 'स्वभावाने आनंदी' असल्याचा. उदास माणूस त्यांना खुर्चीत नको आहे, त्याने धंद्यावर परिणाम होतो. मी पुष्कळ विचार केला. आई असती तर तिने न विचारता लिहून दिलं असतं. खालच्या वकिलांना विचारलं, त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. आता राहिलीस तू. मुख्याध्यापकबाईंच्या सहीला वजन आहे. सोमवारच्या आत मिळालं तर बरं. हे पत्र मात्र सोबत जोडू नकोस.

ता. क. तिसरा: हिने वरचं वाचलं आणि म्हणाली, मावशींना खोटं लिहायला सांगू नका, त्यांना ते या वयात जमायचं नाही. ते खरं आहे. तेव्हा 'स्वभावाने' वगैरे काही लिहू नकोस. तू मला एखाद्या वेळी मोकळेपणी हसताना पाहिलं असशील तर तेवढंच लिही: कुठे हसला, कशाला हसला. मी स्वतः आठवून पाहिलं, मला काही सापडेना. तुला सापडलं तर मालकांना पाठवच, पण त्याची एक नक्कल मलाही पाठव.